लव्हॉनची पिकअप

१४ एप्रिल

वारा वायव्येचा. रस्त्यावरचं बर्फ गेलं, चरांत अजून आहे.

रस्ते साफ करणारा काउंटीचा बर्फनांगर चालवत होतो तेव्हा रोज वही भरावी लागायची. बर्फ किती, वारा कुठला, काय मोडलं. निवृत्त झालो तरी हाताची खोड जात नाही. पण उन्हाळ्याच्या दिवसांत लिहायचं काय? आज मात्र लिहिण्याजोगं घडलं.

मार्चच्या वादळात लव्हॉनच्या जुन्या शेडचं छप्पर बसलं, ते थेट तिच्या नवऱ्याच्या, ड्वेनच्या पिकअपवर. १९५३ची, इंटरनॅशनल कंपनीची. ड्वेन जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ती तिथेच उभी होती. आज ट्रॅक्टरला साखळी बांधून माझ्या शेडमध्ये ओढून आणली. आमच्या दोन घरांत एक बिटाचं शेत आहे तेवढंच अंतर, पण लव्हॉन सगळा रस्ताभर बाजूने चालत हात हलवत होती. "नको रे ऑर्लिन, तुला कशाला त्रास! भंगारात देऊन टाकते मी." साखळी बांधून झाली होती, त्यामुळे मी काही थांबलो नाही.

फार्गोचा एक माणूस गाडी घ्यायला तयार आहे. इंजिनाचं तो बघणार, पण पत्रा त्याला सरळ करून हवा. पिकअप गेली की लव्हॉन घर शेजारच्या शेतकऱ्याला देणार आणि दूर दक्षिणेत टूसॉनला लेकीकडे राहायला जाणार. कायमची. "तिथे बर्फ पडत नाही," म्हणाली.

मी म्हटलं, "मग लोक बोलतात तरी कशाबद्दल?"

१६ एप्रिल

ढगाळ.

पिकअप धुतली. उजवं मडगार्ड चुरगळलंय. टपाच्या मधोमध एवढा खळगा की त्यात बदकं सोडावीत. उजव्या दाराचा खालचा काठ गंजून जाळी झालाय. तो दोष छपराचा नाही, ड्वेनचा. माणूस भला होता, पण दाराच्या तळाची पाण्याची भोकं त्याने जन्मात मोकळी केली नाहीत. हौद्याच्या बाजूलाही जुनी ठोकर आहे.

"ही चर्चच्या फाटकाची," लव्हॉन म्हणाली. "नाताळचा दिवस. मी ओरडतेय आणि तो मागे घेतोय."

"आठवण म्हणून ठेवायची का?"

"आठवण कसली! लग्नापासून बघतेय मी ती. काढ आधी."

जूनअखेर देतो म्हटलं. "घाई नाही," म्हणाली. घाई नाही कशी? तिनेच तर सांगितलं, गाडी गेल्याशिवाय तिला निघता येत नाही म्हणून.

३ मे

ऊन. शेजाऱ्याची पेरणी चालू.

मडगार्ड काढून घोडीवर ठेवलंय. आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी, आणि धीर. धीर माझ्याकडे मुबलक आहे. बोटं नाहीत. एका हिवाळ्यात नांगराची साखळी बदलताना ती गोठली, तेव्हापासून त्यांना काही कळत नाही. आणि पत्र्याचं असं आहे की तो सपाट झाला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं. पातळ कापड घेऊन सबंध तळवा लांबवर फिरवायचा. मी फिरवला. मला सगळं गुळगुळीत. रंग लावल्यावर त्यात समुद्राच्या लाटा दिसल्या असत्या.

लव्हॉन परसातल्या आंबट रुबार्बच्या वड्या घेऊन आली होती. म्हणाली, "मी बघू?" खिशातून ड्वेनचा एक पायमोजा काढला, हातात घातला आणि डोळे मिटून हात फिरवायला लागली. हळू, जसं झोपलेल्या वासराला कुरवाळावं. "इथे उंच आहे. इथे बसलंय. इथे परत उंच." मी मागून खडूने खुणा करत गेलो. एकही चुकली नाही. मी बराच वेळ बघत होतो. पत्र्याकडे.

उद्यापासून रोज दुपारी येते म्हणाली. काम तरी बरं होईल. पायमोजा ती बरोबर का घेऊन फिरते, ते विचारायचं राहिलं.

२१ मे

उकाडा. संध्याकाळी वीज चमकली.

आज मी गाढवपणा केला. दाराचा कुजलेला काठ कापून नवी पट्टी बसवायची होती. पातळ पत्र्याला वेल्डिंगचा एक टाका इथे, एक पार तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, असं सावकाश जोडत जायचं असतं. हे मला चांगलं ठाऊक आहे. पण सकाळी लव्हॉन सांगून गेली की लेकीचा फोन होता, तिच्यासाठीची खोली रंगवून तयार आहे, पिवळी. मी म्हटलं, छान. मग वेल्डिंगचा मुखवटा चढवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जोड मारला. सबंध दार तव्यावरच्या लेफ्साच्या पोळीसारखं फुगलं.

दुपारी लव्हॉनने बघितलं. "हे रे काय झालं?"

"घाई झाली."

"तुला? घाई?"

म्हणाली तेवढं खरं. आता ती पट्टी पुन्हा कापायची, फुगलेला पत्रा तापवून, गार करून बसवायचा. तीन आठवडे सहज जाणार. जूनअखेरची गोष्ट विसरा. एवढा माल फुकट गेल्यावर वाईट वाटायला हवं होतं. रात्री जेवताना हॉटडिश दोनदा वाढून घेतलं.

१० जून

रविवार. पाऊस झाला, बिटाला चांगला.

चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना पास्टरच्या बायकोने लव्हॉनला विचारलं, "मग, निघालीस कधी?" लव्हॉन म्हणाली, "पिकअप होऊ दे." मग सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिला डांबून ठेवलंय. मी बटाट्याच्या सॅलडकडे गेलो.

बहिणीचा फोन रविवारचा असतो. आर्डिस फर्गस फॉल्सला राहते आणि तिथून माझ्यावर लक्ष ठेवते. "लव्हॉन रोज येते म्हणे?"

"कामासाठी."

"हो का," म्हणाली आणि इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन बिघडला.

२९ जून

कोरडं, वारा नाही. असा दिवस वर्षात चार वेळा मिळतो.

दार झालं! या वेळी एकेक टाका, ओलं फडकं, गार, मग पुढचा. वर पुट्टीचा एवढासा हात, तोही पुन्हा घासून बहुतेक काढून टाकला. लव्हॉनचा हात तीन वेळा फिरला, तिला एक खड्डा सापडला नाही. प्रायमर मारलं. करड्या रंगात दार असं दिसत होतं की खिळ्याला टांगून नुसतं बघत बसावं. मी म्हटलं, "आता मडगार्ड आणि टप. मग संपलंच."

लव्हॉन म्हणाली, "इतक्यात?" आणि वड्यांचं ताट न घेताच घरी गेली.

३० जून

दाराला खड्डा पडला!

सकाळी कोठारातून आलो तर लव्हॉन शेडमधून बाहेर येत होती. ताट न्यायला आली होती. तोंड उतरलेलं. "ऑर्लिन, माझा धक्का लागला रे. शिडी पडली दारावर."

काय हे, बाई! मी रागावणार होतो, पण तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे मीच म्हटलं, होतं असं, निघेल तो. मग कॉफी केली आणि तिला दोन घोट घेतल्यावर बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं. गाणं गुणगुणत घरी गेली.

नंतर बघितलं तर शिडी पलीकडच्या भिंतीवर तिच्या खिळ्यांवर टांगलेली. तिनेच उचलून परत लावली असणार, बिचारी. खड्डा मात्र मजेशीर आहे. चांगला गोल, मोठ्या नाण्याएवढा. शिडीच्या पायाला तर रबर आहे. असो. हातोडी मडगार्डाजवळ ठेवली होती, ती आज खिडकीत सापडली. माझंही आता वय झालं.

१५ जुलै

रविवार. डास.

मडगार्ड तिसऱ्यांदा घासलं. काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा आणि वरून सँडपेपर फिरवायचा, मग जिथे खोलगट असेल तिथे काळं राहतं. हेडलाइटच्या मागे तांदळाएवढा काळा ठिपका राहिला. काढला. मग शेजारी दुसरा. काम करायचं तर नीट करावं, एवढंच माझं म्हणणं.

आर्डिस म्हणते, "तू पिकअप बनवतोयस की कॅथेड्रल?"

"लोकांना चांगल्या कामाची किंमत नाही."

"फार्गोवाल्याला दिसणार आहे का तो ठिपका?"

"मला दिसतो."

"तुला काय काय दिसत नाही ते मला विचार," म्हणाली. आर्डिसचं बोलणं असंच असतं, लहानपणापासून.

११ ऑगस्ट

ऊन. गव्हाची कापणी.

लव्हॉनची लेक कार्ला आली आहे टूसॉनहून. चांगली मुलगी, भराभर बोलते. शेडमध्ये आली, पिकअपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "काका, ही तर झालीच आहे! फक्त रंग राहिलाय ना?"

"टपाला अजून थोडं..."

"मला तर काहीच दिसत नाही."

लव्हॉनकडे बघितलं. ती मोजा हातातल्या हातात पिळत होती. "कार्ला म्हणते तसं असेल," म्हणाली. कार्लाने एक ऑक्टोबरचं विमान ठरवलंय. आईचं वय आणि इथला हिवाळा. म्हणते त्यात खोटं काही नाही.

१२ ऑगस्ट

आज मी विचारलं.

कार्ला गावात गेली होती. आम्ही दोघं हौद्याच्या फळीवर कॉफी घेत बसलो होतो. मी म्हटलं, "माझ्या घराच्या वरच्या खोल्या आई गेल्यापासून नुसत्या पडून आहेत. तू इथेच राहिलीस तर?"

तिने कप खाली ठेवला. "छे, छे, ऑर्लिन. तुला कशाला त्रास!"

मी म्हटलं, "बरं." आणि तिला आणखी कॉफी ओतली.

विचारलं. नाही म्हणाली. माणसाने एखाद्या गोष्टीला एकदा नाही म्हटलं की तिच्या मागे लागू नये. एवढं वय झालं, कधी कुणाला असं काही विचारलं नव्हतं. का नव्हतं, ते आता कळलं.

ती जायला मला नको आहे. हे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगायचं नाहीये.

२ सप्टेंबर

सकाळी गारवा.

टप झाला, मडगार्ड बसवलं. काळे ठिपके शोधायचे बंद केले. तिला जायचंय तर गाडी वेळेत आणि नीट झाली पाहिजे. ती रोज येते, हात फिरवते, पण बोलत नाही फारसं. काल हौद्याच्या बाजूवर तिचा हात एका जागी थांबला. विचारलं, "खड्डा आहे?" म्हणाली, "नाही. काहीच नाही उरलं." मी म्हटलं, मग झालं की. ती रडायला लागली. ड्वेनची आठवण आली असणार. मी फडकं दिलं, ते थिनरचं निघालं.

१४ सप्टेंबर

स्वच्छ, वारा नाही.

रंग दिला. गडद हिरवा, मूळचा तोच. शेडची जमीन ओली केली, दारं लावली, श्वास रोखून फवारा मारला. बाहेर आलो तर लव्हॉन गवतावर खुर्ची टाकून बसलेली. सकाळपासून तिथेच होती म्हणे. वाळल्यावर तिला आत नेलं. मोजा न घालता, नुसत्या हाताने तिने दाराला स्पर्श केला.

"सुरेख झालीय, ऑर्लिन," म्हणाली. अगदी मयताच्या घरी म्हणतात तसं.

मलाही काही गोड लागलं नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलेलं नाही, आणि घरात येऊन नुसता बसून राहिलो.

२३ सप्टेंबर

रविवार. पहिलं दहिवर.

आर्डिसचा फोन. फार्गोवाला मंगळवारी येतोय हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तू नुसता बघत बसणार? विचार तरी तिला!"

"विचारलं."

"काय?" ती इतक्या जोरात ओरडली की मी फोन लांब धरला. "कधी? काय म्हणाली?"

"ऑगस्टमध्ये. नाही म्हणाली."

"कशी नाही म्हणाली? शब्द सांग."

"छे, छे, तुला कशाला त्रास, असं."

"आणि तू?"

"बरं म्हटलं."

ती मग अगदी हळू बोलली, लहान मुलाशी बोलावं तसं. "ऑर्लिन, आपल्याकडे कुणी पहिल्यांदा विचारल्यावर कॉफी तरी घेतं का रे? तू स्वतः माझ्या घरी येतोस, भुकेने जीव चाललेला असतो, तरी पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा खरंच नको, आणि तिसऱ्यांदा बरं थोडंसं. आणि मग अर्धा केक. त्या बाईने काय करायला हवं होतं? पहिल्याच हाकेला उडी मारायची? आपल्यासारखीच लुथरन चर्चची आहे ती!"

"म्हणजे..."

"म्हणजे तू तिला विचारलंच नाहीस. एकदा विचारणं म्हणजे आपल्यात न विचारणंच. वर बरं म्हणालास. बरं! ती बिचारी दीड महिना दुसऱ्यांदाची वाट बघतेय, आणि तू गाडी रंगवतोयस!"

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभा राहिलो. गॅसवर काहीतरी करपत होतं.

२४ सप्टेंबर

वारा दक्षिणेचा.

लव्हॉनकडे गेलो. ती कपबश्या कागदात गुंडाळत होती. वाटेत बिटाच्या शेताकडेने सगळं घोकून गेलो होतो, दारात सगळं विसरलो. टोपी काढली आणि म्हटलं, "लव्हॉन, राहा ना माझ्याकडे."

ती कप गुंडाळायची थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. "नको रे. तुझ्या स्वयंपाकघरात दोन माणसं मावत नाहीत. तो फ्रीज जिन्याकडे सरकवल्याशिवाय तर नाहीच. आणि वरच्या खोल्या म्हणजे माझे गुडघे."

आर्डिसने सांगितलेलं नसतं तर मी पुन्हा बरं म्हणून घरी आलो असतो. आज म्हटलं, "बघू." घरी येऊन फ्रीज जिन्याकडे सरकवून पाहिला. मावतो. आईची खालची खोलीही झाडली.

तिसऱ्यांदा तिथेच विचारायला हवं होतं. पण माणसाच्या छातीत एका दिवसाचा दम तेवढाच असतो.

२५ सप्टेंबर

फार्गोवाला दहाला आला. भला माणूस. मडगार्डावरून हात फिरवला, दारावरून फिरवला, मग गुडघ्यावर बसून तिरकं बघितलं. "हे कुणी केलं?"

"आम्ही दोघांनी," लव्हॉन म्हणाली.

ट्रेलरवर चढवली, पट्टे आवळले. रस्त्याच्या वळणापर्यंत आम्ही बघत होतो. बिटाच्या हिरव्यात ती हिरवी गाडी लवकरच दिसेनाशी झाली. मग शेडमध्ये परत आलो, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते दोघांनाही सुचेना. शेड एवढी मोठी आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. लव्हॉन थर्मास घेऊन आली होती. आम्ही दोन उलट्या बादल्यांवर बसलो.

ती म्हणाली, "झालं तर मग. आता मला थांबायला काही कारण उरलं नाही."

मी म्हटलं, "लव्हॉन, हे तिसऱ्यांदा विचारतोय, आणि चौथ्यांदा विचारायचा दम माझ्यात नाही. राहा. खालची खोली झाडलीय. फ्रीज सरकवलाय. पास्टरकडे जाऊन रीतसर करू, तुझी हरकत नसेल तर. तू टूसॉनला गेलीस तर मला करमणार नाही. करमणार नाही म्हणजे, मला तू हवी आहेस."

शेवटचं वाक्य मी घोकलेलं नव्हतं. ते आपणहून निघालं, आणि निघाल्यावर मला छपराकडे बघावं लागलं.

तिने थर्मासचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. माझ्या मनात आलं, आर्डिसला काय कळतंय, फर्गस फॉल्सला बसून!

मग लव्हॉनने बाहीने डोळे पुसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खाली मान घालून म्हणाली, "बरं. तुला फार त्रास होणार नसेल तर."

"छे, त्रास कसला," मी म्हटलं.

कार्लाला फोन करायला हवा, असं ती म्हणाली. करू, मी म्हटलं. पण उठलं कुणीच नाही. कॉफी निवून गेली, तीच प्यायलो.